नंबर आपला, टॉवर कुणाचा?

एकेकाळी मोबाइल नंबर सांगताना माणूस पहिले पाच आकडे अंमळ सावकाश उच्चारायचा. पुण्यात ९८२२० म्हटलं की आयडिया. आणि गिऱ्हाईक त्याहून जुनं असेल तर बिर्ला एटी अँड टी. ९८२३० म्हणजे बीपीएल. मुंबईत ९८२०० वाला मॅक्सटचच्या जमान्यातला, ९८२१० वाला बीपीएलचा, ९८६९० म्हटलं की एमटीएनएल. ९४२२० ऐकलं की समजायचं, हा बीएसएनएलवाला, याचं गावाकडे जाणं-येणं असणार. व्हिजिटिंग कार्डावरचा ९८२२० हा मिरवायचा आकडा होता. आउटगोइंगला मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि येणाऱ्या फोनलाही पैसे पडत होते, त्या दिवसांत आपण मोबाइल बाळगला, हे त्यातून न बोलता कळायचं.

आज त्या आकड्यांवरून काहीच कळत नाही. ९८२२० वाल्याच्या फोनमध्ये जिओचं सिम असतं, ९४२२० वाला एअरटेलवर असतो आणि ९८२१० ज्या कंपनीचा होता ती कंपनीच शिल्लक नाही. नंबर कंपनीपासून सुटला आणि माणसाला चिकटला. आधी तो कंपनीने दिलेला एक खातेक्रमांक होता. आता बँक, आधार, गॅसचं बुकिंग, सोसायटीचा ग्रुप आणि मुलांची शाळा या सगळ्यांनी धरून ठेवलेला तो आपला पत्ता आहे. राहतं घर बदलणं परवडेल, नंबर बदलणं परवडत नाही.

म्हणूनच ‘पोर्ट मारून टाका’ हे वाक्य बाजारात इतकं सहज बोललं जातं. रेंज नाही? पोर्ट मारा. रिचार्ज महागला? पोर्ट मारा. कस्टमर केअर ऐकून घेत नाही? पोर्ट. जुलै २०२४ मध्ये देशातल्या पोर्टच्या विनंत्यांनी शंभर कोटींचा टप्पा ओलांडला आणि महिन्याला एक कोटीहून अधिक विनंत्यांची भर पडत राहिली. फोन तोच, नंबर तोच, फक्त सिम दुसऱ्या कंपनीचं. हा व्यवहार दिसतो किरकोळ, पण त्याच्या पोटात गेल्या तीस वर्षांतला भारतीय टेलिफोनचा सगळा इतिहास आहे. शिवाय त्यात एक विसंगती आहे: सोडून जाण्याचा हक्क जसजसा पक्का होत गेला, तसतशा जाण्याच्या जागा कमी होत गेल्या.

हक्काची पंधरा वर्षं

टेलिफोन नियामकाने, म्हणजे ट्रायने, नंबर पोर्टेबिलिटीचे नियम सप्टेंबर २००९ मध्ये काढले. सुरुवात हरियाणातून २५ नोव्हेंबर २०१० रोजी झाली आणि २० जानेवारी २०११ पासून सोय देशभर लागू झाली. तेव्हा ग्राहकाकडून १९ रुपयांपर्यंत शुल्क घ्यायला मुभा होती.

पण ‘देशभर’ या शब्दाला एक कुंपण होतं. पोर्ट फक्त आपल्याच सर्कलमध्ये करता यायचं आणि टेलिकॉमचा नकाशा राज्यांच्या नकाशाशी जुळत नाही. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण हे वेगळं सर्कल. उरलेला महाराष्ट्र हे दुसरं आणि त्यातच गोवा. बेळगाव कर्नाटक सर्कलमध्ये. त्यामुळे दादरला राहणारा चाकरमानी गणपतीला सावंतवाडीत उतरला की टेलिकॉमच्या दृष्टीने परगावी असायचा, आणि पणजीचा माणूस कोल्हापुरात घरच्या घरी. पुण्याहून मुंबईला बदली झाली की दोनच वाटा: नंबर सोडा किंवा जन्मभर रोमिंग भरा. हे कुंपण ३ जुलै २०१५ रोजी उठलं. त्या दिवसापासून नागपूरचा नंबर बेंगळुरूत, बेळगावचा पुण्यात, कोणत्याही कंपनीकडे नेता येऊ लागला.

तिसरी मोठी दुरुस्ती १६ डिसेंबर २०१९ पासून लागू झाली आणि व्यवहारात तीच सगळ्यात महत्त्वाची ठरली. तोवर आधी पोर्टचा कोड मिळायचा, मग नव्या कंपनीत अर्ज व्हायचा आणि नंतर जुनी कंपनी काहीतरी कारण दाखवून तो फेटाळायची. नव्या नियमात हा क्रम उलटला. आपण मेसेज केला की पात्रता तिथल्या तिथे तपासली जाते: नंबर या कंपनीकडे ९० दिवस झालेत का, पोस्टपेड असेल तर बिल थकलंय का, मालकी बदलण्याचा अर्ज प्रलंबित आहे का, कोर्टाचं काही प्रकरण आहे का. यात बसलात तरच कोड मिळतो. कोड हातात पडला म्हणजे अर्धी लढाई जिंकली. त्याच सर्कलमध्ये असाल तर कामाचे तीन दिवस, दुसऱ्या सर्कलमध्ये जात असाल तर पाच.

पळवाटा तरीही निघाल्या. कोड मागायचा मेसेज १९०० या क्रमांकावर जातो. काही स्वस्त प्रीपेड प्लॅनमध्ये मेसेज पाठवण्याची सोयच नव्हती. ज्याला महागडा रिचार्ज परवडत नाही म्हणून कंपनी सोडायची आहे, त्याने ती सोडण्यासाठी आधी महागडा रिचार्ज मारायचा, असा तो न्याय होता. डिसेंबर २०२१ मध्ये ट्रायने आदेश काढला की कोणताही प्लॅन असो, १९०० वर पोर्टचा मेसेज पाठवता आलाच पाहिजे.

काउंटरवर

प्रत्यक्ष काम किती सोपं आहे हे कोणत्याही तालुक्याच्या गावातल्या मोबाइलच्या दुकानात उभं राहिलं की दिसतं. काचेच्या काउंटरमध्ये कव्हरं, चार्जर आणि टेम्पर्ड ग्लासच्या गड्ड्या. बाहेर एखाद्या कंपनीची रंगीत छत्री, तिच्याखाली टेबल टाकून बसलेली मुलं. गिऱ्हाईक फोन पुढे सरकवतं. मुलगा मेसेज टाइप करतो: इंग्रजीत ‘पोर्ट’, एक जागा सोडून दहा आकडी नंबर, आणि तो जातो १९०० वर. थोड्याच वेळात आठ अक्षर-आकड्यांचा कोड येतो. तो चार दिवस चालतो. जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येत तीस दिवस.

मग आधार नंबर, मग अंगठा. आणि इथेच रांग थांबते. आयुष्यभर कोयता-खुरपं धरलेल्या, धुणीभांडी केलेल्या, सिमेंट कालवलेल्या हाताचा अंगठा त्या लाल दिव्याच्या यंत्राला दिसत नाही. मुलगा फडक्याने काच पुसतो, अंगठा पुसायला सांगतो, दुसरं बोट लावून बघतो, मग डाव्या हाताचं. तोवर मागचा माणूस घड्याळ बघतो. अंगठा लागला की फोटो: भिंतीला पाठ, डोळ्यांची उघडझाप. नवं सिम पाकिटातून बाहेर येतं आणि ‘आत्ता टाकू नका, जुनं बंद पडलं की टाका’ या सूचनेसह पुन्हा पाकिटात जातं.

ही सूचना नीट समजून घ्यायची. मधल्या दिवसांत जुनं सिमच चालू असतं. बदल बहुधा रात्री होतो. सकाळी उठल्यावर रेंजच्या जागी फुली किंवा ‘नो सर्व्हिस’ दिसलं की काम झालं, आता नवं सिम. मधे चारेक तास फोन मुका राहू शकतो, तेव्हा कुणाला दवाखान्यात दाखल केलेलं असताना किंवा परीक्षेच्या निकालाच्या तोंडावर हा उद्योग करू नये. सिमचा ट्रे उघडायची पिन कुणाच्याच घरी सापडत नाही. बायका कानातल्याची दांडी काढून ते काम करतात आणि ते उत्तम होतं.

अर्ज केल्यावर मन बदललं तर २४ तासांच्या आत १९०० वरच रद्दचा मेसेज करता येतो. मन बदलायला लावणारेही असतातच. पोर्टचा मेसेज गेला की अनेकांना जुन्या कंपनीकडून फोन येतो, आणि इतके दिवस तक्रार ऐकायला ज्यांच्याकडे माणूस नव्हता त्यांच्याकडे अचानक गोड बोलणारा माणूस आणि खास तुमच्यासाठीचा प्लॅन निघतो.

काय बरोबर येत नाही, हेही आधी माहीत हवं. शिल्लक बॅलन्स बुडतो. राहिलेले दिवस आणि डेटा बुडतो. म्हणून पोर्ट करायचं ते रिचार्ज संपत आला असताना; वर्षाचा रिचार्ज मारल्याच्या दुसऱ्या महिन्यात नव्हे. व्हॉट्सअ‍ॅपला बहुधा काही होत नाही, कारण ते नंबरशी जोडलेलं असतं. पण यूपीआयची ॲप्स सिम ओळखतात. सिम बदललं की ती बहुधा पुन्हा पडताळणी मागतात आणि त्यासाठी आपल्या फोनमधून एक मेसेज बाहेर जावा लागतो. नव्या सिमवर रिचार्ज मारलेला नसेल, तर भाजीवाल्यासमोर कोड स्कॅन करून उभं राहण्याची पाळी येते.

फोनला विचारलंत का?

कंपनी बदलताना लोक प्लॅन विचारतात, दर विचारतात. हातातल्या फोनला कुणी विचारत नाही.

भारतात ही सवय नसण्याचं कारण सरळ आहे. आपल्याकडे फोन दुकानातून रोख किंवा हप्त्याने विकत घेतला जातो आणि सिम वेगळं. फोन कंपनीला बांधलेला नसतो. अपवाद झाले आहेत. २००३ च्या पावसाळ्यात रिलायन्सने ५०१ रुपयांत हातात ठेवलेले सीडीएमए फोन त्या नेटवर्कबाहेर निरुपयोगी होते. २०१७ चा जिओफोन आणि २०२३ चा ९९९ रुपयांचा जिओभारत हेही जिओपुरतेच. असा फोन असेल तर नंबर पोर्ट होतो, फोन होत नाही.

दुसरा अपवाद विमानाने येतो. न्यूजर्सीहून किंवा कॅलिफोर्नियाहून भाच्याने आणलेला फोन इथे ‘सिम नॉट सपोर्टेड’ म्हणतो तेव्हा मामा सिमला दोष देतात. अमेरिकेत बरेच फोन टेलिफोन कंपनीकडून हप्त्यावर घेतले जातात आणि ठरलेल्या अटी पुऱ्या होईपर्यंत ते त्याच कंपनीला कुलूपबंद असतात. ते कुलूप तिथली कंपनीच उघडते. भाचा परत जाण्याआधी नव्हे, इकडे येण्याआधी त्याने ते करून घ्यायला हवं. आयफोनच्या सेटिंगमध्ये ‘जनरल’, मग ‘अबाउट’ या पानावर कॅरिअर लॉकची ओळ असते. तिथे सिमवर कोणतंही बंधन नाही असं लिहिलेलं असेल तर फोन मोकळा. आणखी एक गोष्ट: अमेरिकेत विकल्या गेलेल्या आयफोन १४ पासूनच्या मॉडेलांना सिमचा ट्रेच नाही. तिथे ई-सिमच लागतं. जिओ, एअरटेल आणि व्हीआय (म्हणजे व्होडाफोन-आयडिया) ते देतात.

तिसरी अडचण कुलपाची नाही, कानाची आहे. प्रत्येक कंपनी ठरावीक लहरींवर बोलते आणि फोनला त्या ऐकू याव्या लागतात. जिओचं ४जी ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर आहे. एअरटेलचा भर ९००, १८००, २१०० आणि २३०० वर. व्हीआयचा ९००, १८००, २१०० आणि २५०० वर. बीएसएनएलने ४जी उभारलं ते ७०० आणि २१०० वर. लहर जितकी खालची, तितकी ती दूर जाते आणि भिंतीतून आत शिरते. म्हणून खेड्यापाड्यांत ७०० मेगाहर्ट्झ हे सोनं. पण या लहरीला बँड २८ म्हणतात आणि भारतात विकल्या गेलेल्या बऱ्याच जुन्या ४जी फोनमध्ये तोच नाही, कारण ते फोन बनले तेव्हा इथे त्या बँडवर कुणी बोलतच नव्हतं. मग होतं असं की गावात नवा टॉवर दिसतो, शेजाऱ्याच्या नव्या फोनवर चार दांड्या दिसतात आणि आपल्या फोनवर काहीच नाही. फोनच्या खोक्यावर किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर एलटीई बँडची यादी असते. सिम घेण्याआधी तिच्यात २८ आहे का, हे बघायला मिनिट लागतं.

जिओच्या बाबतीत आणखी एक. ५ सप्टेंबर २०१६ ला सुरू झालेल्या या नेटवर्कला मुळात २जी-३जी नाहीच. बोलणंही ४जी किंवा ५जीवरूनच होतं. फोनमध्ये ‘व्हीओएलटीई’ नसेल किंवा सेटिंगमध्ये बंद असेल, तर नेट चालतं आणि फोन लागत नाही. आणि नेटच चालत नसेल, तर सेटिंगमधलं एपीएन (नेट-जोडणीचं नाव) तपासायचं: जुन्या कंपनीचं नाव तिथे चिकटून राहिलेलं असतं. जिओला ‘जिओनेट’, बीएसएनएलला ‘बीएसएनएलनेट’, असं ते इंग्रजीत असायला हवं. दुकानातला मुलगा हे दोन टिचक्यांत करतो. घरी आपल्यालाही जमतं.

सिम कुणाच्या नावावर?

काउंटरवर अडकणाऱ्या प्रकरणांत एक जात कायम भेटते: नंबर वापरतो एक, कागदावर दुसराच. २००५-०६ च्या सुमारास सिम वाण्याच्या दुकानातही मिळायचं. कुणाचा तरी फोटो, कुणाचं तरी रेशनकार्ड. कित्येक घरांत आईचा नंबर वडिलांच्या नावावर आहे, आणि वडील आता नाहीत. पोर्ट करताना आधारवरचा माणूस आणि नंबरचा मालक एकच लागतो. वारसाच्या किंवा रक्ताच्या नातेवाइकाच्या नावावर नंबर करून घेण्याची सोय आहे, पण ती जुन्या कंपनीकडेच आधी पुरी करावी लागते. नावबदल चालू असताना पोर्ट होत नाही. मृत्यूचा दाखला घेऊन बँकेत जाणारे घरचे लोक मोबाइलच्या दुकानात जायचं विसरतात आणि बँकेचा ओटीपी मात्र त्याच नंबरवर येत राहतो.

अंगठ्याबद्दलही सावध राहायला हवं. ‘लागला नाही, परत लावा’ असं म्हणून एकाऐवजी दोन सिम सुरू करून घेण्याचे प्रकार पोलिसांत गेले आहेत. दुसरं सिम विकलं जातं आणि त्यावरून झालेल्या फसवणुकीची चौकशी आपल्या दारात येते. दूरसंचार खात्याचं ‘संचार साथी’ हे पोर्टल १६ मे २०२३ रोजी सुरू झालं. आपल्या नावावर किती नंबर आहेत ते तिथे ओटीपी टाकून दिसतं आणि अनोळखी नंबरची तक्रार तिथेच करता येते. एका माणसाच्या नावावर नऊ सिमची मर्यादा आहे. आकडा नऊच्या आत आहे म्हणून निर्धास्त होऊ नये. यादीत आपण न घेतलेला एकही नंबर असता कामा नये.

पोर्टचा कोड हाही ओटीपीइतकाच जपायचा. केवायसी अपडेट, ५जी अपग्रेड असं सांगून तो फोनवर मागणारे असतात. तुमचा नंबर त्यांच्या हातातल्या सिमवर गेला की मागोमाग तुमचे बँकेचे मेसेजही तिकडे जातात. चोरांची दुसरी वाट म्हणजे हरवल्याचं सांगून डुप्लिकेट सिम काढायचं आणि लगेच ते दुसऱ्या कंपनीत पळवायचं. तिला आळा घालण्यासाठी १ जुलै २०२४ पासून नियम आला: सिम बदलून घेतल्यावर सात दिवस पोर्टचा कोड मिळत नाही. फोन पाण्यात पडल्याने नवं सिम काढलं असेल आणि मेसेजला नकार आला, तर कारण बहुधा हेच.

जायचं कुठे?

इथवरची गोष्ट हक्काची. आता जागांची.

पोर्टेबिलिटी आली तेव्हा, २०११ मध्ये, मुंबईतल्या छत्र्या मोजायच्या तर दोन्ही हातांची बोटं पुरत नसत. व्होडाफोन, आयडिया, एअरटेल, लूप, रिलायन्स, टाटा डोकोमो, एअरसेल, युनिनॉर, एमटीएस, एतिसलात, व्हिडिओकॉन आणि एमटीएनएल. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये वाटलेले १२२ परवाने रद्द केले आणि पहिली गळती झाली. मुंबईचं जुनं बीपीएल ‘लूप’ नावाने चालू होतं. त्याचा परवाना नोव्हेंबर २०१४ मध्ये संपला आणि लाखो मुंबईकरांना नंबर वाचवायला दुसऱ्या कंपन्यांच्या दारात उभं राहावं लागलं. डिसेंबर २०१७ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सचे फोन थांबले, २०१८ च्या सुरुवातीला एअरसेल दिवाळखोरीत गेली. ३१ ऑगस्ट २०१८ ला व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या, पुढच्या वर्षी टाटांचे ग्राहक एअरटेलकडे गेले. या सगळ्या पडझडीत पोर्टेबिलिटी होती म्हणून कोट्यवधी लोकांचे नंबर बुडाले नाहीत, हे तिचं न बोललं गेलेलं पुण्य. नाराज ग्राहकासाठी बांधलेली वाट बुडत्या कंपन्यांच्या प्रवाशांच्या कामी आली.

उरल्या चार. तीन खासगी आणि बीएसएनएल. त्यातल्या तिघांचे दर बघा. जून २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात एकापाठोपाठ एक दरवाढीच्या घोषणा झाल्या. वाढ लागू झाली ती ३ जुलैला जिओ आणि एअरटेलवर, ४ जुलैला व्हीआयवर. रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन जिओवर २३९ चा २९९ झाला. एअरटेल आणि व्हीआयवर २९९ चा ३४९. नुसता नंबर जिवंत ठेवायचा २८ दिवसांचा रिचार्ज एअरटेल-व्हीआयवर १९९, जिओवर १८९ झाला. पोर्ट मारून दर वाचवायचा म्हटलं तर महिन्याला दहा ते पन्नास रुपयांचा खेळ उरला.

आणि हा महिनाही पंचांगातला नव्हे. २८ दिवसांच्या हिशेबाने वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज बसतात: २९९ चे तेरा, म्हणजे ३,८८७ रुपये. यावर ओरड झाल्यानंतर ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला तीस दिवसांचे आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारे काही प्लॅन ठेवायला लावले. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी एक आदेश आला: ज्याला नेट नकोच आहे त्याच्यासाठी फक्त बोलणं आणि मेसेज यांचे प्लॅन द्या आणि त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत नेता येईल. गावात डबा फोन वापरणाऱ्या आजीच्या नावाने रोज दीड जीबी विकत घेणाऱ्या नातवंडांनी हा प्लॅन मागून घ्यावा. काउंटरवरचा मुलगा तो आपणहून सांगेलच असं नाही. जिथे आहोत तिथेच राहून खर्च निम्म्यावर येत असेल, तर पोर्टची गरजच नाही.

दरवाढीनंतर लोक गेले ते चौथ्या दुकानात. जुलै २०२४ या एका महिन्यात बीएसएनएलचे जवळपास २९ लाख ग्राहक वाढले आणि तिन्ही खासगी कंपन्यांचे घटले. समाजमाध्यमांवर ‘घरवापसी’ची लाट होती. पण तेव्हा बीएसएनएलचं ४जी बहुतेक ठिकाणी पोहोचलेलंच नव्हतं, आणि नव्वद दिवसांची अट असल्याने आलेल्याला लगेच परतही जाता येत नव्हतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात बीएसएनएलचा आकडा पुन्हा खाली आला. स्वस्त दराने माणूस आला आणि रेंजने परत पाठवला. पुढे, २७ सप्टेंबर २०२५ ला, बीएसएनएलचं देशी बनावटीचं ४जी अधिकृतपणे देशाला अर्पण झालं. पण तोवर दुखावलेलं गिऱ्हाईक पुन्हा रांगेत आणणं हे टॉवर उभारण्याहून अवघड काम आहे.

पायांनी करायची निवड

दर जवळपास सारखे, नियम सारखे, तेव्हा फरक उरतो तो भूगोलाचा. आणि भूगोल म्हणजे राज्याचा नकाशा नव्हे; आपलं स्वयंपाकघर, कामाची जागा आणि या दोहोंमधला रस्ता. सह्याद्रीच्या कुशीत एका वाडीत जी कंपनी राजा, ती डोंगराच्या सोंडेपलीकडच्या वाडीत भिकारी. पुण्या-मुंबईत तळमजल्याला एक न्याय, अकराव्या मजल्याला दुसरा. ट्रायच्या नियमानुसार कंपन्यांना कव्हरेजचे नकाशे संकेतस्थळावर ठेवावे लागतात. ते जरूर बघावेत, पण नकाशाला जांभ्या दगडाची दीड फुटी भिंत दिसत नाही.

फोनवरच्या दांड्यांवरही विसंबू नये. किती रेंजला किती दांड्या दाखवायच्या हे फोन बनवणारा ठरवतो. एकाच्या चार त्या दुसऱ्याच्या दोन असू शकतात. खरा आकडा सेटिंगमध्ये असतो. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ‘अबाउट फोन’ या पानावर सिमच्या स्थितीत ‘सिग्नल स्ट्रेंग्थ’ दिसते, डीबीएम या मापात आणि उणे चिन्हासह. शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं. ४जीवर उणे ८५-९० च्या आसपास असेल तर उत्तम. उणे १०० ला काम चालतं. उणे ११० च्या पलीकडे गेलं की आवाज तुटू लागतो, ओटीपी उशिरा येतो आणि फोन टॉवर शोधता शोधता बॅटरी खातो.

आपल्याकडे एक सोय आहे जी अमेरिकेतल्या कित्येकांना नव्हती: दोन सिमचा फोन. पोर्ट मारण्याआधी ज्या कंपनीत जायचं तिचं एक साधं नवं सिम घेऊन दुसऱ्या खाचेत टाकावं आणि तो फोन घेऊन पंधरवडाभर नेहमीचं आयुष्य जगावं. ओट्याजवळ, निजायच्या खोलीत, ऑफिसच्या जिन्यात, एसटी स्टँडवर, शेतातल्या विहिरीपाशी आकडा बघावा. संध्याकाळी आठ ते दहा या वेळेत, सगळा गाव मोबाइलवर असतो तेव्हा, व्हिडिओ लावून बघावा, कारण रेंज भरपूर आणि नेट मुंगीच्या पायाने, हा प्रकार तेव्हाच उघड होतो. बरं दिसलं तर नंबर तिकडे न्यावा. नाही दिसलं तर एका रिचार्जवर निभावलं. नव्वद दिवस अडकण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

घरात चार फोन असतील तर चौघांनी मिळून एकाच कंपनीत उडी मारू नये, हेही अनुभवी लोक सांगतात. वादळात, पुरात किंवा केबल तुटल्यावर एक कंपनी पडते तेव्हा दुसरी बहुधा उभी असते. घरात दोन कंपन्या असणं हा चैनीचा नव्हे, शहाणपणाचा भाग आहे.

आता पैशांचा शेवटचा हिशेब. एक नंबर एका कंपनीतून दुसरीत न्यायचा व्यवहारखर्च ट्रायने ६ रुपये ४६ पैसे ठरवला आहे आणि गिऱ्हाइकाला खेचण्याच्या चढाओढीत तोही बहुधा नवी कंपनीच सोसते. आपल्याला पोर्ट फुकट पडतं. पण पोर्ट करायला दुसरी कंपनी जिवंत असावी लागते, आणि ती फुकट जगत नाही. बीएसएनएलला उभं ठेवण्यासाठी केंद्र सरकारने २०१९ मध्ये सुमारे ६९ हजार कोटी, २०२२ मध्ये १ लाख ६४ हजार कोटी आणि २०२३ मध्ये ८९ हजार कोटींची पॅकेजं जाहीर केली. व्हीआयकडे थकलेल्या रकमेपैकी ३६,९५० कोटींच्या बदल्यात २०२५ मध्ये सरकारने शेअर घेतले आणि तिथला सरकारी हिस्सा ४९ टक्क्यांच्या घरात गेला. म्हणजे चारपैकी एक कंपनी पूर्ण सरकारी आणि दुसरीत सगळ्यात मोठा भागीदार सरकारच. ही रक्कम करदात्यांची आहे, आणि ती योग्य खर्च झाली का यावर वाद घालायला भरपूर जागा आहे. पण जिओ किंवा एअरटेलवर सुखाने नांदणाऱ्यानेही त्या वादात एक गोष्ट मोजायला हवी. उद्या दुकानं दोनच उरली, तर १९०० चा मेसेज जाईल, कोड येईल, अंगठाही लागेल. आणि नव्या सिमवर पहिला रिचार्ज मारताना कळेल की दर तोच आहे.